दगडामागचा मासा

हॉलमधला सोफा हलवून नवऱ्याने तिथे भिंतभर काचेची टाकी बसवली, मीठ कालवून घरातल्या घरात समुद्र केला आणि त्यात दगड रचले. "आता हे पाणी मुरू द्या. त्याआधी मासा सोडलात तर तो मेलाच म्हणून समजा," असं दुकानदाराने बजावलं होतं.

पण आमच्या माणसांना दम कुठला! रविवारी नणंद सासूबाईंना घेऊन हजर.

"दादा, नुसतं पाणी बघायला बोलावलंस आम्हाला?"

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना, मी दिलं ठोकून, "आहे की मासा! त्या मोठ्या दगडामागे असतो. लाजाळू आहे जरा."

नणंद काचेला नाक लावून बसली आणि थोड्या वेळाने ओरडलीच, "दिसला! निळा आहे!"

"निळा कुठला, चांगला पिवळाधमक आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि किती वाळलाय गं! खायला घालता ना त्याला?"

दोघींची अशी जुंपली, की शेवटी नवऱ्याला मध्ये पडावं लागलं. त्याची पाठ निळी आहे आणि पोट पिवळं, असं सांगून त्याने भांडण मिटवलं.

आज दुकानदाराने येऊन पाणी तपासलं. म्हणाला, "झकास मुरलंय. आता खुशाल मासा आणा."

 

नवरा टाकीकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "इतक्यात दुसरा नको हो. आमचा आत्ता कुठे दगडामागून बाहेर यायला लागलाय."