मेन बंद असेपर्यंत

“मेनच बंद कर,” सरुबाई म्हणाल्या.

शंभू वायरमनने बाथरूमच्या दारातून मान बाहेर काढली. “काकू, अख्खं घर कशाला बंद करायचं? ह्या लाइनीचा फ्यूज काढला की भागतंय.”

“तुझं भागत असंल. नळाला हात लावला की मला मुंग्या येतात. मेन बंद कर. अन् त्यो इन्व्हर्टर पण.”

“टेस्टर लावून बघितला ओ. नळात कायच दाखवत नाही.”

“टेस्टर आंघोळ करतो का रोज हितं?”

शंभूने मेन खाली ओढला, इन्व्हर्टरही बंद केला. पंखा मंदावला, फ्रिज गप्प झाला आणि हॉलमध्ये मुख्य दारावर रोखलेल्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा गेला.

सरुबाईंची सून उत्कर्षा स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. दिवा जाताना तिने पाहिला आणि जुडी हातातच राहिली.

हा कॅमेरा चोरांसाठी आहे, असं तिचा नवरा रणजित पाहुण्यांना सांगायचा. चोर बिचारे कधी फिरकलेच नाहीत. दार उघडलं की त्याच्या फोनवर टिंग व्हायचं, आणि त्याचं ऑफिस बिबवेवाडीतच, हाकेच्या अंतरावर. मागच्या खेपेला घर सोडून निघालेली उत्कर्षा कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच त्याची गाडी आडवी आली होती. त्यानंतर तिचा फोन गेला, नोकरी गेली, आणि डाव्या मनगटाचं हाड जुळलं ते वाकडंच.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीला दीपाली राहत होती, जुन्या ऑफिसातली मैत्रीण. तिच्या दारापर्यंत पोचायचं, उत्कर्षाला एवढंच हवं होतं.

सासूबाईंच्या मुंग्या तिच्या पथ्यावर पडल्या होत्या. नळाला हात तर तीही लावायची. तिला कधी काही झालं नव्हतं. पण ती कशाला बोलते? बाथरूम जुनं होतं हे खरंच. लाकडी पट्टीतून गेलेल्या वायरी, काळी गोल बटणं, अर्थिंगचं नाव नाही. आईची कटकट ऐकून रणजितनेच वायरमन धाडला. वायरिंग म्हणजे मेन बंद, मेन बंद म्हणजे कॅमेरा बंद. तिने कालच दोन ड्रेस आणि माहेरच्या पाटल्या एका पिशवीत घातल्या आणि पिशवी बाथरूममधल्या धुण्याच्या बादलीत, मळक्या चादरींखाली दडवली. आज बाथरूम रिकामं करायचं निमित्त होतंच. कांताबाईही कामाला येणार नव्हती. तिला सासूबाईंनी आपण होऊन सुट्टी दिली होती. एरवी सुट्टीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

उत्कर्षा उठली. “आई, ती धुण्याची बादली बाहेर काढते. वायरमनच्या पायात येईल.”

“ऱ्हाऊ दे. मी उचलते.”

“जड आहे, आई.”

“मी काय कापसाची हाय?”

सरुबाईंनी बादली उचलली, थेट आपल्या खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. उत्कर्षा दाराकडे कान लावून उभी राहिली. आता आतून ओरडा येईल, मग रणजितला फोन जाईल.

ओरडा आला नाही. फोन मात्र वाजला, सरुबाईंच्या कमरेचा. त्या बोलतच बाहेर आल्या.

“व्हय रे, मेन बंद हाय, म्हणून कॅमेरा बंद. तूच धाडलास ना वायरमन? ... ही काय, माझ्या डोळ्यापुढं हाय. मी असताना कुठं जातीय ती?”

फोन कमरेला खोचून त्यांनी एक खुर्ची ओढली आणि नेमकी मुख्य दारापाशी मांडून बसल्या. उत्कर्षाला त्या क्षणी त्या बाईचा मनापासून तिटकारा आला. मुलगा एक पहारेकरी, आई दुसरी. आणि वळणाच्या गोष्टी मात्र मोठमोठ्या! लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात उत्कर्षा ‘देवळात जाते’ म्हणाली, तर ह्याच बाईने भर पाहुण्यांत तिला उंबऱ्यावरून परत बोलावलं होतं. “जाते काय? या घरची सून ‘येते’ म्हणून निघती. तुझ्या माहेरी वर्ध्याला वळण लावत न्हाईत वाटतं.” तेव्हापासून भाजीला निघाली तरी तिच्या तोंडी ‘येते’च असायचं. पुढे भाजीला जाणंही बंद झालं.

आत बॅटरीवरच्या ड्रिलचा आवाज थांबला. शंभू हात पुसत बाहेर आला. “झालं, काकू. अर्थिंग दिलं, वायर सगळी नवी. मेन टाकू?”

उत्कर्षाने डोळे मिटून घेतले.

“गिझरचा स्विच?” सरुबाईंनी विचारलं.

“बदलला.”

“आरशावरचा होल्डर?”

“तो चांगला हाय की.”

“मला न्हाई दिसत चांगला. बदल.”

शंभूने कपाळावर हात मारला आणि तो पुन्हा शिडीवर चढला. उरला एक होल्डर. दोन स्क्रू, दोन वायरी. पिशवी गेली ती गेली, उत्कर्षा नेसत्या कपड्यांनीही निघाली असती. पण दारात खुर्ची होती, आणि खुर्चीत सासू.

“उत्कर्षा.”

“काय, आई?”

“माझ्या खोलीत इस्त्रीचं गाठोडं बांधून ठेवलंय. कोपऱ्यावर द्यायचंय. कांता न्हाई आज.”

आपण नीट ऐकलं का, हेच तिला कळेना. ती धावतच खोलीत गेली आणि गाठोडं घेऊन आली. इस्त्रीच्या कपड्यांच्या मानाने ते भलतंच जड होतं. चप्पल घालताना तिने ते छातीशी धरलं, तेव्हा चादरीच्या आतून काहीतरी गोल, टणक तिच्या वाकड्या मनगटाला लागलं.

तिने दचकून वर पाहिलं. सरुबाईंनी खुर्ची बाजूला सारली होती आणि त्या स्वतःच्या हाताने दाराची कडी काढत होत्या. बाथरूममधून शंभू ओरडला, “बसला होल्डर!”

“येते, आई,” उत्कर्षाच्या तोंडून सवयीने गेलं.

“येते नव्हं,” सरुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “जाते म्हण.”