पुढच्या फळीतला खोंड

पोरगा पाया पडायला आलाच नाही. हातातली वाकडी काठी उंच धरून त्यानं लांबूनच गाडीकडे बघत मान हलवली आणि मैदानात पळाला. गोजाबाईला ते चांगलंच झोंबलं.

"हे काय वागणं झालं, आबाजी? पोरीची आजी भोसरीवरनं गाडी जुपून आली, आन ह्यो लांबनं काठी दावतोय. मी काय मेंढरू हाय व्हय?"

"शिट्टी झाली व्हती, वैनी," धाकटा दीर म्हणाला. स्थळ त्यानंच आणलेलं, त्यामुळे सकाळपासून त्याचा जीव टांगणीला लागलेला.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झालेली, पिंपरीत कंपनी नवी होती. तिचा हॉकीचा संघ त्याहून नवा. पण गडी सगळे पलटणीतून सुटून आलेले, एकापेक्षा एक कसलेले. त्यांच्यात हा पोरगा, सयाजी, सगळ्यांत लहान, पुढच्या फळीतला. खेळाच्या जोरावरच त्याला कामावर घेतलं होतं. टिकला तर कायम, नाहीतर आपल्या गावी. आणि तिकडे खेडच्या बिजवराचा निरोप्या गोजाबाईच्या ओसरीवर ठाण मांडून बसला होता. तिथं विहीर होती, मळा होता, सगळं पक्कं. नवऱ्यामुलाच्या मिशा तेवढ्या पांढऱ्या. नातीला, इंद्रायणीला, कुठं द्यायची ते आज सांजेला सांगायचं होतं, आणि घरात गोजाबाईच्या शब्दापुढे शब्द नव्हता.

समोर दिघीच्या पलटणीचा संघ होता. धुरळा उडाला, काठ्या वाजल्या. कंपनीचा कप्तान दौलतराव मधूनच चेंडू घेऊन निघाला, दोघांना चकवून त्यानं तो पुढे सारला आणि सयाजीनं काठी टेकवली. गोल!

आबाजी गाडीतच उभा राहिला. "बगितलंत का, वैनी?"

"बगितलं. डोळं फुटल्यात का माजं? समदं त्या दौलतरावानं केलं, ह्यानं निस्ती काठी लावली." तिनं पदर सावरला. "कसल्याल्या बैलासंगं जुपला की खोंडबी पळतो. त्यात खोंडाचं किती आन बैलाचं किती, कसं सांगू?"



निम्मा खेळ सरला आणि दौलतरावाच्या गुडघ्यावर चेंडू बसला. दोघांनी खांद्याला धरून त्याला बाहेर आणलं.

"आता दुसरा घालत्याल त्याच्या जागी?"

"न्हाई, वैनी. हॉकीत बदली गडी नसतो. दहाजणांनीच खेळायचं."

"असं व्हय!" गोजाबाई गाडीच्या कडेला सरकून बसली. "आता दिसंल."

दिघीवाल्यांनी लगेच बरोबरी केली. मग चेंडू सयाजीला मिळाला आणि तो एकटाच सुटला. एक गेला, दुसरा गेला, तिसरा तर तोंडावर पडला. सगळं मैदान ओरडत होतं. गोजाबाई कधी उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. डाव्या अंगाचा गडी मोकळा होता, "सया, दे! दे!" म्हणून घसा फोडत होता. सयाजीनं दिला नाही. स्वतःच मारला. चेंडू गोलकीपरच्या पायावर आपटला, दिघीवाल्यांनी उचलला तो थेट पलीकडे नेऊन गोलात घातला.

दोनास एक.

"हावरं बेणं!" मागनं कुणीतरी म्हणालं. आबाजी मटकन खाली बसला. "गेलं स्थळ."

कंपनीचे गडी कमरेवर हात ठेवून एकमेकांकडे बघत उभे होते. सयाजीनं कुणाकडेच बघितलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो धावत गेला, आपल्याच जाळीतला चेंडू उचलला आणि आणून मैदानाच्या मधोमध ठेवला. मग आपल्याहून दहा-दहा वर्षांनी थोर असलेल्या गड्यांवर ओरडला, "उभं काय ऱ्हायलाय? चला की!"

आणि ते चालले.

"गप, आबाजी," गोजाबाई म्हणाली. आबाजी तर कधीचाच गप होता.

पुन्हा चेंडू सयाजीकडे. पुन्हा एक मागे, दोन मागे. डावीकडचा मोकळा. गोजाबाईचा पदर डोक्यावरनं घसरला, तिला त्याची शुद्ध नव्हती. "दे!" ती ओरडली. "दे त्याला, मुडद्या!"

त्यानं दिला. डाव्या गड्यानं कचकावून मारला. चेंडू खांबावर खणकन वाजून बाहेर गेला, आणि शिट्टी झाली.

कंपनी हरली.

सयाजी गाडीपाशी आला. नडगी फुटलेली, अंगभर धूळ. "आजी, ती चूक माजी. तवाच चेंडू द्याया पायजे व्हता. आता नोकरीचंबी खरं न्हाई." त्यानं तोंडावरची धूळ पुसली. "खेडचं स्थळ पक्कं हाय म्हनं. तुमी तिकडं व्हय म्हनलात तरी माजा राग न्हाई."

आबाजीनं डोळे मिटून घेतले.

गोजाबाई गाडीतून खाली उतरली. बाजारात पुढ्यात उभ्या केलेल्या जनावराकडे बघावं तसं तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आबाजीच्या नादानं मी पुरा गडी बगाया आले. तू तर निम्माच निघालास," ती म्हणाली. "चार-पाच वर्सांत हे समदे थोरले गडी थकत्याल आन हा गाडा तुलाच वढावा लागंल. तवा तुज्या दारात सोयऱ्यांची रीघ लागंल, मला कोन इचारतंय? म्हून आजच सांगून ठेवते. ऱ्हायल्याला निम्मा आमचा जावई व्हून पुरा कर."