क्लेम परत आला

न्यूझीलंडमधल्या त्या लहानशा गावातली सात पोरं राणीसाठी आफ्रिकेत बोअरांशी लढायला आपणहून निघाली, तेव्हा हॅरिएटनेच आपल्या मुलाला, क्लेमला पुढे घातलं होतं. "मेंढ्या काय, जन्मभर कातरायच्याच आहेत. तू जा!"

दीड वर्षाने तो धडधाकट परत आला. धक्क्यावर बँड वाजला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, हॅरिएटला आभाळ ठेंगणं झालं. घरी मात्र क्लेम चुलीकडे पाठ करून बसला. ताटाला हात लावेना.

"अरे, बोल की काहीतरी. लढलास ना?"

"घरं जाळली, आई. पुरुष हाती लागत नव्हते, म्हणून बायकापोरांना बाहेर काढून घरं पेटवायची, असा हुकूम होता."

"हुकूमच तो. तुझा काय दोष?"

"एक म्हातारी जळत्या घरासमोर उभी होती. शिवीसुद्धा दिली नाही तिनं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढंच विचारलं, 'पोरा, तुला आई आहे का रे?'"

"मग? काय सांगितलंस?"

"नाही म्हणालो."