एकही सभासद गेला नाही

“माणसं जोडणारे पुष्कळ झाले, टिकवणारा मी एकटा!” डॉ. गोरक्षनी जाहीर केलं. तेवढ्यात आतल्या खोलीत आईनं फोन उचलला आणि इंटरनेट तुटलं.

“आई, ठेव तो!”

गोरक्ष हे जुन्नर-आंबेगाव दुग्धव्यावसायिक ई-मेल मंडळाचे संस्थापक, संचालक आणि टंकलेखक. गुरांचे डॉक्टर होते, ते त्याआधीचं. २००४ सालच्या त्या रविवारी त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. स्थापनेपासून एकही सभासद गळाला नव्हता, आणि नेमक्या त्याच पराक्रमावर उद्या पुण्याच्या परिषदेत त्यांचं भाषण होतं.

लाईन पुन्हा लागली. पहिलीच मेल डिंगोऱ्याच्या रतनबाईंची. ‘माझं नाव काढा.’

“भाषणाच्या आदल्या दिवशी!” डॉक्टर खुर्चीतून उडालेच.

खालच्या पेंडीच्या दुकानाचे पारसमलशेठ बाकावर चहा पीत होते. गावोगावचे सभासद त्यांच्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवरून मेल धाडत. “मग निघा ना राव,” ते बशीत फुंकर घालत म्हणाले. “घरी जाऊन समजूत काढल्याशिवाय नाव काढायचं नाही, हा नियम तुमचाच.”

“निघालोच! कळंबचा धर्माजी काय कमी रुसला होता? गोठ्यातून बाहेर पडेपर्यंत हसायला लागला.”

“गोठ्यात?”

“सगळे तिकडंच नेतात. घरात मोकळं बोलता येत नाही म्हणे.”

“खरंय. बॅग घ्या तेवढी.”

“समजूत काढायला बॅग कशाला?”

“डॉक्टरसारखं दिसलेलं बरं. शब्दाला वजन येतं.”

डॉक्टरांनी मोटारसायकलला किक मारली. लेण्याद्री मागं पडेपर्यंत भाषणाचा शेवटही सुचला होता.

रतनबाई वाटेवरच उभ्या. “आलं गं बाई डॉक्टर!” त्या गोठ्याकडं बघून ओरडल्या.

“रतनबाई, मंडळाचं काय चुकलं? मेल लई येतात का? कमी करतो. पण आज सोडून जाऊ नका, उद्या माझी अब्रू...”

“कुठं जातीय मी? ऱ्हाते की!” रतनबाईंनी त्यांच्या हातात गरम पाण्याची बादली दिली. “तुमचा फोन कदी लागतच न्हाई. शेठ म्हणलं, नाव काढा असं लिवलं की डॉक्टर हातातलं टाकून येत्यात, समदी तसंच बोलावत्यात. आता तेवढी म्हैस सोडवता का? सकाळधरनं अडलीय.”