ऐकणारी एकच

आईच्या कानांवर हेडफोन होते आणि तिचे ओठ हलत होते.

तो दारातच थांबला. कारखान्यातले ध्वनिमापन ऐन वेळी रद्द झाल्यामुळे तो दुपारीच घरी परतला होता. टीव्हीवर फुटबॉलचा सामना निःशब्द चालू होता. समोरची खुर्ची रिकामी होती. आई बाबांच्या खोलीच्या उंबरठ्याशी स्टूल टाकून बसली होती. एक डोळा टीव्हीवर, मान आतल्या पलंगाकडे कललेली. हेडफोन घातलेली माणसे नकळत पुटपुटतात, हे त्याला ठाऊक होते. इतक्या अंतरावरही आवाज तुटत नाही, याचे त्याला समाधान वाटले.

निवड त्याचीच होती, आणि ती चोख होती. बिनतारी, वजनाला हलके, चष्म्याच्या काड्यांवर न रुतणारे, कानांभोवती पूर्ण बसणारे. मुख्य म्हणजे चित्र आणि आवाज यांत जाणवण्याजोगे अंतर न पडणारे. त्यासाठी त्याने दुकानात तासभर एकाच निवेदकाच्या ओठांकडे पाहत चार जोड तपासले होते. टीव्हीला जोडायच्या या एकाच पेटीवर दोन जोडही चालतात, देऊ का, असे दुकानदाराने विचारले होते. “ऐकणारी एकच आहे,” त्याने सांगितले होते.

त्याआधी घरात रोज तोच प्रश्न होता. आई टीव्ही मोठ्याने लावी. बंद दाराआड अहवाल लिहिताना त्याला प्रेक्षकांच्या आरोळ्या ऐकू येत. बायको त्याला डेसिबलराव म्हणे आणि कापसाचे बोळे पुढे करी. त्याने आपल्या टेबलावर मीटर ठेवून आवाज मोजला, मग आईचे कान तपासून घेतले. कान उत्तम निघाले. ऐकू येत असूनही मोठ्याने ऐकणे म्हणजे सवय, असा निष्कर्ष त्याने काढला. आणि सवयीचे कारण शोधायचे नसते, उपाय करायचा असतो. “कारखान्यातले कामगारसुद्धा याहून शांततेत काम करतात, आई,” असे तो पाहुण्यांदेखत म्हणाला होता. पाहुणे हसले होते. आई चहाचे कप गोळा करीत राहिली होती.

हेडफोनमुळे बाबांनाही विश्रांती मिळेल, हेही त्याने पटवून दिले होते. झटक्यानंतर बाबांची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती आणि हलत्या चित्राकडे पाहिले की त्यांना गरगरे. टीव्हीकडे पाठ करून ते भिंतीच्या बाजूला पडून असत. कधीकधी त्यांचा डावा हात वर जाई आणि तसाच ताठ राही. “ह्यांचं लक्ष असतं रे,” आई एकदा म्हणाली होती. त्याने तिला न चिडता समजावले होते की मेंदूला इजा झाली की स्नायू आपोआप आखडतात. त्यामागे हेतू शोधू नये. हेडफोन आल्यापासून हात वर जाणे थांबले. शांततेचा उपयोग झाला, असे त्याने डॉक्टरांना मोठ्या खुशीने कळवलेही होते.

तो दोन पावले पुढे गेला. आईचे पुटपुटणे आता स्पष्ट ऐकू येऊ लागले.

“डावीकडून आला. लाल कपडेवाला. गेला, गेला... अहो, पडला. दुसऱ्यानं पाडलं की आपणच पडला, मला नाही कळलं. शिट्टी झाली, पण मगाशी.”

पलंगावर डाव्या हाताची बोटे चादरीवर किंचित उचलली गेली आणि पुन्हा खाली टेकली.

आईचे लक्ष त्याच्याकडे गेले. तिने घाईने हेडफोन काढले, जणू चोरी पकडली गेली होती. आज लवकर कसा आलास, जेवलास का, असे तिने विचारले. मग स्वतःहूनच खालच्या आवाजात म्हणाली, “तुझं यंत्र चांगलं आहे रे. पण मी सांगेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो. ह्यांना निर्णय द्यायचा असतो, तो राहून जातो.”

उभी हयात बाबा फुटबॉलचे पंच होते. सुट्टीच्या दिवशी लहानपणी तो मैदानाच्या कडेला बसून वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या शिट्ट्या मोजत असे. मोजण्याची सवय त्याला तिथेच लागली होती.

टीव्हीजवळ जाऊन त्याने पेटीची वायर काढली आणि आवाज पूर्वीइतका केला. मग त्याहून थोडा अधिक. हॉल आरोळ्यांनी भरला. मीटर बॅगेतच राहिले. बाबांच्या उशीपाशी ते त्याने एकदाही ठेवले नव्हते.

शिट्टी वाजली.

बाबांचा डावा हात उठला. कोपरात ताठ, पंजा उघडा, थेट छताकडे. निवेदकाने ऑफसाइड म्हणण्याआधीच तो वर गेला होता, आणि निवेदक पुढच्या चालीकडे वळला तरी तसाच राहिला. उठलेल्या बाहीखाली दंडाचे कातडे थरथरत होते.

“दिसलं म्हणावं लागतं,” आई म्हणाली. “खेळाडूंनी पाहिलं हे कळल्याशिवाय ते हात खाली घेत नाहीत. रोज मीच म्हणायची. आज तू म्हण.”

तो उंबरठ्यात उभा राहिला. बाबांचे तोंड भिंतीकडे होते.

“दिसलं, बाबा,” तो म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक निघाला की टीव्हीच्या गोंगाटापुढे तो आईलाही ऐकू आला नाही. हात वरच राहिला.