रिलीव्हर

पुढच्या पाळीचा रिलीव्हर येऊन चार्ज घेत नाही, तोवर सुजाताच्या बाबांनी प्लांटमधली भट्टी कधी सोडली नाही. घरी जेवण थंड व्हायचं, आई चिडायची. "भट्टी कोनाच्या भरोशावर सोडू?" एवढंच म्हणायचे.

आता प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरात ते बेशुद्ध पडले होते, जीव अडकला होता. आई कानाशी रडून राहिली होती, "मले एकटीले टाकून नोका जाऊ."

नर्स असलेली वहिनी सुजाताला हळूच म्हणाली, "ताई, नवीन संशोधन झालं हाय. बेशुद्धीतबी मानसाले शेवटपर्यंत ऐकू येते म्हनतात."

सुजातानं आईचा हात बाबांच्या हातातून आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, मी आली रिलीव्हर. आईले मी पायतो. तुमी जा आता."

बाबांनी एक लांब श्वास सोडला आणि चार्ज देऊन टाकला.