मागचं उत्तर

एका विद्यार्थिनीच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. "सर, रुग्ण बरे व्हायला सरासरी एकतीस दिवस लागतात, असं तुमच्या लेखात आहे. मला तुमच्याच आकड्यांवरून सव्वीस मिळतात. तीनदा करून पाहिलं. आमचे गाईड म्हणतात, गणित जमत नसेल तर प्रबंध सोड."

तपासायचा मला धीर होत नव्हता. आज संगणकातल्या जुन्या नोंदी उघडल्या. हिशेब केलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये एक छोटा शब्द लिहिला की मागचं, म्हणजे शेवटच्या गणिताचं, उत्तर आपोआप येतं. मी तोच शब्द वापरून सरासरी लेखात घेतली होती. पण सरासरी काढल्यावर आणि तो शब्द लिहिण्याआधी मध्येच दोन तारखांची वजाबाकी होती; उत्तर एकतीस.

"अगं, ही कसली वजाबाकी?"

बायकोने चष्मा चढवून तारखा वाचल्या. "थोरली घरी यायला किती दिवस उरलेत, ते नव्हतं का मी विचारलं? म्हणजे तुम्ही चक्क ऐकत होतात!"

मी लिहायला बसलो. "मुली, तुझे सव्वीसच बरोबर. माझे एकतीस म्हणजे माझी लेक घरी यायला उरलेले दिवस. हे पत्र गाईडना दाखव. संपादकांनाही मी कळवतो आहे."

पाकीट बायकोने लगेच चिकटवलं, नाहीतर मी ते पत्र फाडलं असतं. मग दोघं जाऊन पेटीत टाकून आलो.